गोठा म्हणून वापरात असलेली जुनी इमारत मुळात राहते घर होती का, हे कसे ओळखावे? आणि तिचे पुन्हा घर करावे का?

आपण प्रश्नात लिहिले आहे की शेतावरच्या इमारतीच्या भिंती जाड दगडी आहेत, एका बाजूला गाडी आत जाईल एवढे दार आहे, आत गव्हाणी आहेत, वर वैरण आहे. वडीलधारी माणसे ते पूर्वी घर होते असे सांगतात, पण तसा पुरावा दिसत नाही. माझ्या मते पुरावा दिसत नाही, कारण आपण तो चुकीच्या जागी शोधत आहात. घराचा गोठा करताना माणसे खालचा भाग बदलतात. अंतर्भिंती पाडतात, जमीन खोदून खाली घेतात, खिडक्या बुजवतात आणि एक दार मोठे करतात. छताला मात्र ते गळू लागेपर्यंत कोणी हात लावत नाही, कारण गोठ्यासाठी छतावर खर्च करणे कोणालाच परवडत नाही. म्हणून जुन्या घराची ओळख बहुधा डोक्यावर शाबूत असते आणि आपण ती समोरच्या भिंतीत शोधत बसतो.

छतात सर्वप्रथम काजळी पाहावी. धुराडे नसलेल्या घरात चुलीचा धूर वाशांमधून वाट काढत बाहेर पडतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी लाकडावर काळ्या, तुकतुकीत थराच्या रूपाने राहते. इंग्लंडमधील मध्ययुगीन घरांत मधल्या दालनाच्या जमिनीवरच उघडी चूल असे आणि तिच्यावर माळा नसे. त्या घरांच्या छतातील काळवंडलेली लाकडे मूळ दालन कोठून कोठपर्यंत होते ते आजही दाखवतात. आग लागून जळालेल्या लाकडाशी याची गल्लत करू नये. जळालेल्या लाकडाला कोळशासारख्या भेगा पडतात, काजळीच्या थराखालचे लाकूड मात्र अखंड असते.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण असे की आमच्या कुटुंबाच्या शेतावरही अशीच एक इमारत आहे आणि तिच्यावरून माझा व माझ्या थोरल्या चुलतभावांचा, म्हणजे दादांचा, मोठा वाद झाला. दादांना ती पाडून तेथे पत्र्याची शेड उभी करायची होती. मी काजळी दाखवली, तेव्हा त्यांनी बोलावलेल्या ठेकेदाराने असे सांगितले की ही लाकडे दुसरीकडच्या एखाद्या पडक्या घरातून विकत आणून येथे बसवली असणार, त्यामुळे ती काळी असली तरी इमारत मुळात गोठाच आहे. हा आक्षेप टाकाऊ नव्हता. चांगले लाकूड कधीच स्वस्त नव्हते आणि जुन्या तुळया नव्या बांधकामात वापरणे सर्वत्र चालत आले आहे. आपल्यालाही कोणीतरी हेच सांगेल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

लाकूड जागेवरच काळे झाले असेल, तर काजळी एका लाकडावरून शेजारच्या लाकडावर अखंड पसरलेली दिसते आणि सांध्याच्या आत, म्हणजे कुसू (लाकडाच्या टोकाला तासलेली जीभ) खाचेत जेथे बसते तेथे, लाकूड स्वच्छ असते, कारण तेथवर धूर पोचलेलाच नसतो. याउलट लाकूड बाहेरून आणलेले असेल, तर एका काळ्या वाशाशेजारी दुसरा स्वच्छ असतो, ज्यांचा काही उपयोग नाही अशा रिकाम्या खाचा भलत्याच जागी दिसतात आणि त्या खाचांच्या कडा आताच्या जोडणीशी जुळत नाहीत. आमच्याकडे एका सांध्यातली लाकडी खुंटी सैल झालेली होती. ती काढून आत दिवा धरला, तेव्हा कुसवाचे लाकूड ताज्या तासलेल्या लाकडासारखे फिकट दिसले आणि सांध्याच्या कडेपासून काळा थर सुरू झालेला होता. दुसरा पुरावा सुतारांच्या खुणांचा होता. लाकडी सांगाडा जमिनीवर जुळवून, सांधे तपासून, मग सुटा करून उभा करायचा असेल, तर कोणता कुसू कोणत्या खाचेचा हे कळण्यासाठी सुतार दोन्हींवर सारखी खूण कोरतात. युरोपात या खुणा पुष्कळदा रोमन आकड्यांसारख्या असतात. आमच्या इमारतीत साध्या उभ्या चिरा होत्या, पण त्या एका टोकाच्या खांबापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने वाढत जात होत्या. बाहेरून आणलेल्या मिसळ लाकडात असा क्रम लागणे शक्य नाही. ठेकेदार गप्प झाला. दादांनी मात्र त्या दिवशी काही मान्य केले नाही.

त्यांना पटले ते तुळयांच्या बाजू पाहून. मधल्या दोन खणांतील, म्हणजे खांबांच्या ओळींमधल्या भागांतील, तुळयांना दोन्ही बाजूंनी समान अंतरावर चौकोनी रिकाम्या खाचा होत्या. तेथे पूर्वी कडीपाट होता, म्हणजे वर माणसे वावरतील असा मजला होता, आणि वैरण उंच रचता यावी म्हणून पुढे तो काढून टाकला होता. त्याच खणांतल्या तुळयांच्या खालच्या कडा सुबकपणे तिरप्या तासलेल्या होत्या आणि एका ठरावीक जागी ते तासकाम संपून पुढे कड तशीच धारदार ठेवलेली होती. जनावरांच्या डोक्यावरची तुळई कोणी सजवत नाही. जेथे तासकाम संपत होते तेथेच तुळईच्या तळाशी एक लांब खोबणी होती, म्हणजे तेथे लाकडी पडदी उभी होती. एका लाकडावर खोलीची हद्द, मजल्याची उंची आणि घरच्यांनी त्या खोलीला दिलेला मान, तिन्ही वाचता आले.

भिंती अर्थात निरुपयोगी नाहीत. दगडी भिंतीत सरळ उभी सांध जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत जात असेल आणि तिच्या वर आडवा दगड किंवा लाकूड राहिलेले असेल, तर तेथे बुजवलेले दार आहे. तीच सांध कमरेपासून सुरू होत असेल, तर खिडकी. जुन्या दाराचा उंबरठा आताच्या जमिनीपेक्षा हातभर वर लटकत असेल, तर जमीन नंतर खाली नेलेली आहे. उलट, भिंतीतल्या अरुंद उभ्या फटी बहुतेक वेळा गोठ्याच्या काळातल्या असतात, कारण साठवलेल्या ओलसर वैरणीत उष्णता निर्माण होते, ती आपोआप पेटूही शकते, आणि म्हणून तिला वारा लागतो.

आपल्या प्रश्नातले एक गृहीतक मात्र मला मान्य नाही. घर की गोठा, असे दोनच पर्याय नसतात. इंग्लंडच्या डार्टमूर भागातील लांबट घरांत माणसे आणि गुरे एकाच छताखाली राहत. मधून आडवी वाट, उताराच्या वरच्या अंगाला माणसे आणि खालच्या अंगाला गुरे, म्हणजे मलमूत्र घराकडे न येता बाहेर वाहून जाई. उत्तर जर्मनीतील जुन्या शेतघरांतही मोठ्या दालनाच्या दोन्ही बाजूंना जनावरे बांधत आणि टोकाला माणसे राहत. आपल्या इमारतीची जमीन एका टोकाकडे उतरती असेल आणि तिकडच्या तुळया साध्या असतील, तर गोठा तेथे पहिल्या दिवसापासून होता आणि पुढे त्याने उरलेले घर व्यापले, एवढेच घडले असेल.

आता दुसरा भाग, पुन्हा घर करावे का. येथे दादांशी माझा दुसरा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. इमारत घर होती हे पटल्यावर त्यांनी तिला 'मूळ रूपात' आणायचे ठरवले. गव्हाणी काढायच्या, गाडीदार बुजवायचे आणि दोन्ही बाजूंना कल्पनेने खिडक्या पाडायच्या. मी याला ठाम विरोध केला आणि आजही करतो. ती इमारत जितका काळ घर होती, निदान तितकाच काळ गोठा होती, आणि तो काळ पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे माझे एकट्याचे मत नाही. इंग्रज कलाकार व लेखक विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, ती नेमकी अशा खरवडून मूळ रूप काढणाऱ्या जीर्णोद्धाराविरुद्ध होती. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही म्हटले आहे की सर्व काळांतील भर जपावी आणि जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबवावा. गाडीदार बुजवू नये. त्यात काच बसवली तर त्या एका दारातून सगळ्या घराला उजेड मिळतो आणि इमारतीची हकीकतही शाबूत राहते.

गव्हाणी राहिल्या, पण त्यांच्यामागच्या भिंतीला दादांनी माझे न ऐकता सिमेंटचा गिलावा करून घेतला. गोठ्याच्या भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, असतोच. गोमूत्रातील नत्राचे जमिनीतील जिवाणू नायट्रेट क्षारांत रूपांतर करतात, ओलाव्याबरोबर ते भिंतीत चढतात आणि पाणी उडाले की त्यांचे स्फटिक होतात. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तबेल्यांच्या भिंतींवरून आणि जमिनीतून खरवडून घेत, तो हाच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे क्षार त्याच्या पृष्ठभागावर येतात, गिलावा झिजतो आणि दगड वाचतो. सिमेंटमधून ओलावा सहजासहजी बाहेर पडत नाही, म्हणून स्फटिक गिलाव्यामागे, दगडातच वाढतात. आमचा गिलावा मोठमोठ्या पोपड्यांनी सुटला आणि त्याच्यासोबत दगडांचे पापुद्रेही निघाले. समोरची चुन्याची भिंत मात्र किरकोळ डागडुजीवर उभी आहे. ठेकेदाराने सिमेंट हलक्या प्रतीचे वापरले, असे दादा अजून म्हणतात. ते खरे नाही. सिमेंट जितके मजबूत, तितका त्याचा दगडावरचा जोर अधिक, आणि मग नुकसानही अधिकच झाले असते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे. त्याआधीच्या भिंती त्याच्याशिवायच उभ्या राहिलेल्या आहेत, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले होते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्या येथे जोडतो. चुन्याच्या सफेदीचे अनेक थर दिसले म्हणून ते घर होते असे समजू नये, कारण स्वच्छतेसाठी गोठ्यांनाही चुना लावत आले आहेत. तारेचे गोल खिळे सर्वत्र रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ते फक्त गव्हाणींत असतील आणि वाशांत हाती घडवलेले चौकोनी खिळे असतील, तर बदल केव्हाचा याचा ढोबळ अंदाज येतो. वर्षवलयांवरून लाकडाचे वय काढता येते, पण त्यासाठी लाकडात पुरेशी वलये आणि त्या जातीच्या, त्या प्रदेशातील लाकडाच्या वलयांचा, तुलनेसाठी तयार आलेख, दोन्ही लागते.

आणि घर करण्याचा निर्णय घेण्याआधी, भरलेली गाडी आत यावी म्हणून पूर्वी कोणी दोन भिंतींना बांधून ठेवणारी आडवी तुळई कापली आहे का, हे संरचना अभियंत्याकडून पाहून घ्यावे. ती कापली की वाशांचा दाब भिंतींना बाहेर ढकलतो. भिंतीचा माथा ओळंब्याबाहेर गेलेला असेल, तर बाकी सर्व कामे थांबवून आधी ती तुळई पुन्हा जोडावी लागेल, आणि तोवर वर वैरण रचू नये.