गरम इंजिनचं ऑइल प्रेशर पडतंय? क्रँकला हात लावण्याआधी हे तपासा

भाऊ, तुमच्या जुन्या १६१३ ट्रकमधलं कमिन्स ६बीटी इंजिन थंड असताना साडेचार किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) ऑइल प्रेशर दाखवतं. कसारा घाट चढून स्लोवर (अॅक्सिलरेटर सोडून, नुसतं चालू) आलं की प्रेशर अर्ध्या किलोवर येतं, दिवा लुकलुकतो आणि मधूनच काटा एकदम शून्याला टेकून परत वर जातो. मिस्त्री म्हणतो, इंजिन उतरवून क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करा. माझं स्पष्ट मत आहे, अजून काहीही उघडू नका. मला यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या दिसतात, काट्याच्या उड्या आणि गरम झाल्यावर पडणारं प्रेशर.

काट्याच्या उड्या आधी घ्या. खड्ड्यात, हॉर्न दाबल्यावर किंवा हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर तो दोष वायरिंगचा. एका वायरचा सेन्सर स्वतःच्या आट्यांमधून अर्थिंग घेतो. गळती थांबवायला कुणी त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे मारले असतील तर रीडिंग खोटं येतं. इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टीही घासून साफ करा. पण काटा ब्रेक मारताना किंवा उतारावरच पडत असेल, तर ऑइलची पातळी कमी आहे किंवा पंपाकडे ऑइल नेणारा सक्शन पाइप हवा ओढतोय. तशी गाडी पुढे चालवू नका.

आता मुख्य काम. सेन्सर काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावा. इंजिन लोडवर फिरवून पूर्ण गरम करा आणि मगच आकडे लिहून घ्या. या इंजिनला गरम असताना स्लोवर किमान साधारण ०.७ किलो आणि पूर्ण आरपीएमला २.१ किलो लागतं. स्लोवर एक किलो मिळालं आणि रेसवर तीनच्या पुढे गेलं तर इंजिन ठीक आहे, सेन्सर बदला आणि विषय संपवा. थंड इंजिनच्या साडेचार किलोवर मात्र विसंबू नका. तिथे जास्तीचं प्रेशर सोडणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह उघडतो, म्हणून काटा त्याच्यावर फारसा जात नाही. जाड, थंड ऑइल बेअरिंगची झीज लपवतं. गरम होऊन पातळ झालं की तेच ऑइल वाढलेल्या फटीतून निसटतं.

मेकॅनिकल गेजवरही कमी आलं तर ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढून ऑइलचा वास घ्या. पातळी आपोआप वाढलेली आणि डिझेलचा वास येत असेल तर फीड पंप किंवा इंजेक्शन पंपाचं सील डिझेल आत सोडतंय, किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. अशा ऑइलवर प्रेशर मोजण्यात अर्थ नाही. आधी गळती बंद करा, १५डब्ल्यू४० ऑइल आणि नवा फिल्टर घाला, पुन्हा मोजा. ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल कूलर आणि हेड गॅस्केट तपासा.

जुना फिल्टर फेकू नका, कापून त्याचा कागद उन्हात पसरा. मला तर क्रँकची सगळ्यात खरी बातमी इथेच मिळते. थोडी काळी काजळी चालते. चकाकणारे कण म्हणजे बेअरिंग झिजतंय. तांबूस कण दिसले तर वरचा थर जाऊन आतला तांब्याचा थर उघडा पडलाय.

कण नसतील तर रेग्युलेटर व्हॉल्व्ह बघा. तो फिल्टर हेडमध्ये, बाहेरच्या प्लगखाली असतो. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवावा लागत नाही. त्यातला प्लंजर (सरकणारा दट्ट्या) बोटाने सहज सरकला पाहिजे. कचऱ्याचा एक कण त्याला उघडा धरून ठेवतो, मग प्रेशर स्लोवरही पडतं आणि रेसवरही. त्याउलट स्लोवर कमी, रेसवर ठीक, अशी चाल असेल तर बेअरिंग किंवा पंपाची झीज. तेव्हा चेंबर उतरवून सक्शनची जाळी आणि शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) बघायचे. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मापात आणि गुळगुळीत असेल तर शेल खालूनच बदलता येतात, ग्राइंडिंग लागत नाही.

प्रेशर वाढावं म्हणून जाड ऑइल ओतू नका. काटा वर येईल, पण सकाळी स्टार्ट करताना ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचेल. आणि प्रेशर कमी असताना खालून ठक-ठक आवाज आला तर तिथेच बंद करा, ओढून आणा. गरम इंजिनचे स्लो आणि रेस, दोन्ही आकडे कळवा. फिल्टरच्या कागदाचा फोटोही टाका.