पी५३ 'पॉझिटिव्ह' आलं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: माझ्या आईला खारघरला रेडिएशन चालू आहे. ठाण्याहून आमची रोज जा-ये असते. तिच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'पी५३ पॉझिटिव्ह' लिहिलंय. पी५३ कॅन्सरला रोखणारं प्रथिन आहे असं वाचलं. मग ते भरपूर असणं चांगलंच ना? डीएनए तुटल्यावर पेशी 'निर्णय घेते' आणि त्याचं गणित मांडतात, असंही वाचलं. पेशी कसला निर्णय घेणार?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: आधी रिपोर्टबद्दल सांगते, कारण तुमचा जीव तिथेच अडकला असणार. 'पॉझिटिव्ह' म्हणजे रक्षक भरपूर, असं नसतं. निरोगी पेशीत पी५३ सतत तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं, म्हणून ते फारसं दिसत नाही. मोडायची व्यवस्था एमडीएम२ हे दुसरं प्रथिन करतं, आणि ते बनवायचा हुकूम खुद्द पी५३च देतं. पी५३चं जनुक बिघडलं की पुष्कळदा हा हुकूम सुटत नाही आणि निकामी पी५३ साठत जातं. तपासणीत पी५३ला रंग चढवून बघतात, आणि दिसणारा गडद रंग अनेकदा या साठ्याचा असतो. माणसाच्या कॅन्सरपैकी सुमारे निम्म्यांत हे जनुक बिघडलेलं सापडतं. आईंच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे गाठ कुठली आणि रंग किती पेशींत आला यावर अवलंबून आहे. ते डॉक्टरांनीच सांगायचं.

आता निर्णयाकडे येते. १ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) रेडिएशनने एका पेशीत साधारण ३० ते ४० ठिकाणी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. मग पेशीपुढे तीन वाटा असतात: थांबून दुरुस्ती करायची, विभाजन कायमचं बंद करायचं, किंवा स्वतःला संपवायचं. यातली कुठली धरायची हे ठरवण्यात पी५३ची पातळी महत्त्वाची असते. मी वाशीच्या घरी बसून अजूनही डिफरन्शियल इक्वेशन्स (एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणारी समीकरणं) सोडवत असते आणि हा प्रश्न मला त्यातला सर्वांत देखणा वाटतो, कारण पहिलं समीकरण अगदी साधं आहे. पी५३ किती वेगाने तयार होतं, त्यातून एमडीएम२मुळे ते किती वेगाने मोडतं ते वजा करा. दुसरं समीकरण एमडीएम२चं. मात्र त्यात पी५३ची आत्ताची पातळी घालायची नाही, थोड्या वेळापूर्वीची घालायची, कारण जनुक वाचून प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो.

सगळी मेख या उशिरात आहे. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी वाहू लागली की वॉचमन पंप बंद करायला निघतो, नळ कोरडे पडले की चालू करायला. तो पोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून पातळी वरखाली होत राहते. एक्सेलमध्ये दोन रकाने करून बघा. उशीर शून्य ठेवला तर पातळी थोडी हेलकावून स्थिरावते. आकडे नीट घेऊन उशीर वाढवत नेला की लाटा थांबत नाहीत.

प्रत्यक्षात काय होतं? लाखो पेशी एकत्र वाटून मोजल्या तेव्हा लाटा विरत जाताना दिसल्या. २००४ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत उरी अलोन यांच्या गटात गालित लाहाव आणि सहकाऱ्यांनी पी५३ला चमकणारं प्रथिन जोडलं आणि स्तनाच्या कॅन्सरची एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहिली. लाटा विरत नव्हत्याच! प्रत्येक पेशी आपापल्या तालावर होती, म्हणून सरासरीत त्या पुसल्या जात होत्या. रेडिएशन वाढवलं तरी लाटेची सरासरी उंची वाढत नव्हती, लाटांची संख्या वाढत होती. दोन लाटांमधलं अंतर काही तासांचं. हा निकाल वाचताना मला आजही भरून येतं. सरासरी काढण्याच्या सवयीने केवढी गोष्ट झाकून ठेवली होती!

पुढे २०१२ मध्ये लाहाव यांच्या हार्वर्डमधल्या प्रयोगशाळेने औषध देऊन लाटा थांबवल्या आणि पी५३ची पातळी सतत वर धरून ठेवली. लाटा असलेल्या पेशी पुष्कळशा सावरल्या. पातळी धरून ठेवलेल्या पुष्कळ पेशींचं विभाजन कायमचं थांबलं. २०१६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलेल्या पेशी पाहिल्या, तर मेलेल्या आणि जगलेल्या दोन्हींत पी५३ सारख्याच पातळीला पोचलेलं आढळलं. ज्यांच्यात ते लवकर चढलं त्या मेल्या. उशिरा चढलं तिथे मरण्यासाठी लागणारी पातळीच तोवर वर सरकलेली होती.

म्हणून पेशीचा निर्णय म्हणजे एखादा आकडा नव्हे. पी५३ किती, यापेक्षा ते कधी आणि किती काळ, यावर तो ठरतो. बायोप्सीचा तुकडा एका क्षणी जणू गोठवलेला असतो. त्यात बिघाडाची खूण दिसू शकते, लाटा दिसत नाहीत.

आईंचा रोजचा डोस या लाटांच्या गणितावरून ठरत नाही. त्यासाठी डॉक्टर डोस आणि डोसचा वर्ग अशी दोन पदं असलेलं जुनं सूत्र वापरतात. नेहमीच्या पद्धतीत रोज सुमारे २ ग्रे देतात. मधल्या तासांत निरोगी पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो, म्हणून ही रोजची जा-ये. ती टाळू नका.

पुढच्या खेपेला रिपोर्ट सोबत न्या आणि विचारा: हा रंग जनुकातल्या बिघाडाचा मानायचा का, आणि त्याने आईच्या उपचारात काही बदलतं का?