चित्रकलेतसुद्धा ‘क-1’?

परळहून माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी बसायच्या आधीच प्रगतिपुस्तक उघडलं. सहावीतल्या ओमला (नाव बदललंय) चित्रकलेत क-1, म्हणजे 51 ते 60 मधले गुण. “गणिताचं समजू शकते हो मॅडम. पण हा दिवसभर चित्रंच काढतो! मग येत नाही की काय त्याला? पुढे एलिमेंटरीला, त्या सरकारी चित्रकला परीक्षेला, बसवायचं होतं.”

“श्रेणीचं काय एवढं मनावर घ्यायचं?” मी ओमला म्हटलं. पोरगा जो गप्प झाला तो झालाच. चूक माझी होती. त्याला ते लागलं होतं आणि मी ते झटकून टाकलं.

पुढच्या खेपेला जुनी चित्रं मागवली, रद्दीतून वाचली असतील तेवढी. तारखा नव्हत्याच, ओमनेच आठवून क्रम लावला. चौथीतली सगळी माणसं खिशात हात घालून उभी. “हात जमायचे नाहीत,” तो पुटपुटला. पाचवीत हात बाहेर आले, पण बोटं केळ्यांच्या फणीसारखी. सहावीत लोकलचा डबा: कडी धरलेली मूठ, अंगठा अलीकडे, बोटं पलीकडून वळून आलेली. खोडून खोडून कागद पातळ झालेला. बाकी डबा कोरा.

“तास संपला.”

आठवीपर्यंत कलेला संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची, परीक्षा नसते, सगळे गुण आकारिक. म्हणजे वर्षभर मूल बघून द्यायचे. कागदावर छान आहे हे. पण वर्गात साठेक मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास, चित्रकलेचे सर बघणार ते हातात आलेलंच. ओमची निम्मी चित्रं जमाच नव्हती.

ताईंना विचारून सरांशी बोलले. “अर्धवट कागदाला गुण कशाचे देऊ?” प्रश्न रास्त होता. शेवटी ठरलं: अपुरी चित्रंही तारीख घालून फाइलला लावायची, दर महिन्याला एक हात काढायचा आणि त्यात काय बदललं ते सरांनी वर्णनात्मक नोंदीत एका ओळीत लिहायचं.

“मग श्रेणी वाढेल ना?” ताईंचा प्रश्न. वाढेल किंवा नाहीही, मी खरं ते सांगितलं. एलिमेंटरीला तर वस्तुचित्र काय, स्मरणचित्र काय, ठरल्या वेळातच पुरं करावं लागतं. त्याचा सराव वेगळा.

परवा ओम फाइल घेऊन आला. या महिन्याचा हात आईचा, बांगड्या अर्ध्याच झालेल्या. मागे तारीख आईच्या अक्षरात.