दिवाळीच्या किल्ल्याची माती आणि आमची गव्हाणी

तुम्ही विचारलंय की नाताळातली तुमच्या घरची सगळ्यात आवडती परंपरा कुठली आणि लहानपणीचं काय काय आठवतं. माझं उत्तर ऐकून जरा वेगळं वाटेल, पण आमचा नाताळ दिवाळीतच सुरू व्हायचा, आणि तोही किल्ल्याच्या मातीपासून.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबा मूळचे नगरकडचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आले, पण आजीला देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, जवळच घर हवं होतं म्हणून गुरुवार पेठेत पंचहौदपाशी एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या आणि आजोबा रोज सायकल मारत खडकीला जायचे. वाड्यात अकरा बिऱ्हाडं, त्यात ख्रिस्ती आम्ही एकटेच. दिवाळीच्या सुट्टीत वाड्यातली सगळी पोरं मिळून अंगणात किल्ला करायची, खाली दगड-विटा, त्यावर भिजवलेलं पोतं, त्यावर माती, मग आळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. मी आणि माझा भाऊ त्यात सगळ्यात पुढे. सुट्टी संपली की किल्ला मोडायचा, पण माती कोणी फेकायचं नाही कारण आजीने सगळ्यांना बजावून ठेवलेलं असायचं, "माती टाकू नका रे बाळांनो, मला लागणारे." मग ती घमेल्यात भरून जिन्याखाली जायची आणि वर एक फाटकं पोतं पडायचं.

डिसेंबरच्या १४-१५ तारखेला ते घमेलं बाहेर निघायचं, गव्हाणी म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा करायला. माती चाळायची, पाणी शिंपडायचं, खिडकीखालच्या लाकडी पेटीवर पसरायची आणि परत आळीव पेरायचे म्हणजे २४ पर्यंत बोटभर हिरवळ येते. हे कुरण झालं. गोठा पप्पा करायचे, कामट्या आणि पेंढ्याचा. आणि मेंढपाळ म्हणजे आमचेच मावळे! भाला धरलेला मावळा सगळ्यात सोयीचा, भाल्याचं टोक उडलेलं असलं की त्याची काठी होते. ढाल-तलवारवाल्यांना पोस्टर कलरने घोंगडी रंगवायची. डोक्यावर घागर घेतलेली गवळण होती ती बेथलेहेमची बाई म्हणून विहिरीपाशी उभी राहायची. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, यायचे म्हणून दोन उंट आणलेले, तेही कुंभारवाड्यातलेच. फक्त बाळ येशू आजी स्वतः करायची, गणपतीतली शाडू थोडी बाजूला ठेवलेली असायची त्याचा, अंगठ्याएवढा, आणि तो २४ च्या रात्री उपासनेहून परत आल्यावरच गव्हाणीत ठेवायचा. तोपर्यंत गव्हाणी रिकामी. ती रिकामी जागा बघत बघत झोपायचं, हे मला आजही आठवलं की पोटात काहीतरी होतं.

मोठेपणी मी वाचलं की असा देखावा करायची सुरुवात संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या गावात केली असं मानतात, आणि त्याने पुतळे वगैरे काही मांडले नव्हते तर गावातला खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. वाचून मला इतका आनंद झाला, कारण त्यानेही जवळ जे होतं तेच घेतलं ना. आमच्याजवळ मावळे होते.

खरं तर आमचा सगळाच नाताळ पेठांमधून उभा राहायचा. ताऱ्यासाठी कामट्या बुरूड आळीतून, पतंगाचा कागद आणि मनुका-काजू रविवार पेठेतून. तारा घरीच. पप्पा पाच टोकांचा सांगाडा बांधायचे, आई कणकेची खळ करायची, आम्ही कागद चिकटवायचो आणि आत दिवाळीच्या आकाशकंदिलातलाच बल्ब. जिन्याच्या तोंडाशी लावला की वाड्यातली लहान पोरं संध्याकाळी त्याच्याखाली येऊन बसायची.

आता केक. केकशिवाय हे उत्तर पूर्ण होणारच नाही.

आमच्याकडे ओव्हन नव्हता, वाड्यात कोणाकडेच नव्हता. पीठ घरी फेटायचं आणि डबे बेकरीच्या भट्टीवर न्यायचे, पुण्यात नानकटाईचं सामान नेतात ना तसंच. २२ डिसेंबरच्या संध्याकाळी मोठी परात निघायची, लोणी आणि साखर आजी हाताने फेटायची, एकाच दिशेने, उलटा हात फिरवलेला तिला चालायचा नाही, मग एकेक अंडं, मग मैदा. साखर जाळायचं काम पप्पांचं कारण त्यात धीर लागतो, लोखंडी कढईत साखर काळपट होईपर्यंत थांबायचं आणि नेमक्या क्षणाला गरम पाणी घालायचं, जरा घाई झाली तर रंग येत नाही आणि जरा उशीर झाला तर कडू. मनुका आधी आठ दिवस संत्र्याच्या रसात भिजवलेल्या असायच्या, रम आमच्याकडे नाही, आजोबा-आजी दोघांनाही दारूचा थेंब घरात आलेला खपायचा नाही.

आणि एक डबा बिनअंड्याचा. तो समोरच्या खोलीतल्या काकूंसाठी. त्या कडक शाकाहारी, उपासतापास सगळं सांभाळणाऱ्या, म्हणून त्यांचा रवा-दह्याचा केक वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने, आणि डब्याला लाल दोरा बांधलेला म्हणजे भट्टीवर अदलाबदल नको. पप्पा मला दरवर्षी एक गोष्ट सांगायचे की बघ, १८९० साली ह्याच पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मोठी मंडळी आली होती, त्यांना चहा-बिस्किटं दिली आणि नुसत्या तेवढ्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आणि शंभर वर्षांनी त्याच गल्लीत काकू लाल दोऱ्याच्या डब्याची वाट बघत असायच्या. दिवाळीत त्यांच्याकडून अनारसे यायचे, नाताळात आमच्याकडून केक आणि करंज्या जायच्या. हो, करंज्या, चकल्या, शंकरपाळे सगळं आम्ही नाताळात करतो, बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत हाच फराळ असतो.

भट्टीवर रात्री दहानंतर बोलवायचे. कारण लाकडाची भट्टी, संध्याकाळचे पाव निघेपर्यंत ती इतकी तापलेली असते की केक वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, पाव संपले की आच उतरत जाते आणि त्या उतरत्या आचेवर केक हळूहळू फुगतो. मी आणि पप्पा डबे घेऊन जायचो, बेकरीवाले चाचा लांब दांड्याने एकेक डबा आत सरकवायचे. बाहेर रांगेत कॅम्पातली, नाना पेठेतली कुठकुठली माणसं डबे घेऊन उभी, थंडी कडाक्याची, सगळे शाली-मफलरमध्ये आणि भट्टीच्या तोंडाशी मात्र गाल भाजतायत. तो वास मी कुठेही ओळखीन, जळकी साखर, वेलची आणि लाकडाचा धूर.

एका वर्षी, मी सातवीत होते, डबा बदलला. नावाची चिठ्ठी जळून गेली असणार. घरी येऊन उघडतो तर दुसराच केक, काजूने भरलेला आणि रमचा घमघमाट. आजीने तो खाल्ला नाही पण टाकलाही नाही, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवला, म्हणाली कोणाच्या तरी घरचा सण आहे हा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्वार्टर गेटजवळ राहणारं एक गोव्याकडचं कुटुंब विचारत विचारत वाड्यात आलं, चाचांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की पंचहौदच्या आजींचा असेल. त्यांनी आमच्या केकचा एक तुकडा कापला होता म्हणून ती बाई रडवेली झालेली. आजीने तिला बसवलं, चहा केला आणि दोन्ही केक अर्धे अर्धे कापून दोन्ही घरांना दिले. आम्ही मुलांनी रमवाला खाल्ला की नाही ते विचारू नका, आजी देवळात फुलं लावायला गेली होती तेव्हा.

त्या ओळखीतून पुढे आम्ही त्यांच्याबरोबर सिटी चर्चला मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे उपासनेलाही, गेलो. ते पुण्यातलं सगळ्यात जुनं चर्च, पेशव्यांच्या सैन्यात पोर्तुगीज ख्रिस्ती लोक होते त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी १७९२ साली जागा दिली होती. नाताळ हा शब्दही मुळात पोर्तुगीजच. त्या गोव्याकडच्या काकूंनी आम्हाला कलकल हा नाताळचा गोड पदार्थ शिकवला, पिठाची छोटी गोळी काट्याच्या उलट्या बाजूवर दाबून गुंडाळायची म्हणजे शिंपल्यासारखी होते, आणि माझ्या आईने त्यांना चकलीची भाजणी दिली.

२३ ला रात्री कॅरल पार्टी. टेम्पोत हार्मोनियम, ढोलकी, झांजा आणि पंधरा-वीस तरुण मुलं, रात्रभर घरोघर. आमच्याकडे पोचायला दोन-अडीच वाजायचे. इंग्रजी कॅरल एखाददुसरंच, बाकी सगळी मराठी भजनं, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांसारख्यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ख्रिस्ती भजनाला अभंग-ओवीची वाट करून दिली ती अजून चालू आहे. ढोलकी वाजली की अख्खा वाडा उठायचा, कोणी तक्रार करायचं नाही, उलट खालच्या खोलीतले आजोबा स्वेटर घालून गॅलरीत यायचे आणि टाळ धरायचे, वारकरी माणूस तो.

आणि २४ ची रात्र, आमचं पंचहौदचं पवित्र नाम देवालय. १८८५ सालचं देऊळ आहे ते आणि मनोऱ्यात आठ मोठ्या घंटा, दोर ओढून वाजवायच्या. त्या सुरू झाल्या की आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची. आजी डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "चला, वेळ झाली." बाहेर पडल्यावर ओळखीचं बिनओळखीचं जो भेटेल त्याला सलाम, नाताळच्या शुभेच्छा. घरी येऊन बाळाला गव्हाणीत ठेवायचं आणि मगच केक कापायचा.

आजी २००९ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. त्या वर्षी आम्ही काहीच करायचं नाही असं ठरवलं, आईची तर तारा लावायचीही इच्छा नव्हती. डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी दारावर थाप पडली, उघडलं तर समोरच्या काकू, कमरेवर घमेलं. किल्ल्याची माती. वाड्यात तेव्हा किल्ला करणारी दोन-तीनच पोरं उरली होती, त्यांच्याकडून त्यांनी मागून ठेवली होती आणि चाळूनही आणली होती. म्हणाल्या, "त्यांनी सांगून ठेवलेलं गं दरवर्षी, माती टाकू नका. मी कशी टाकू देईन." आई त्यांच्या गळ्यात पडून जी रडली, अंत्यविधीला सुद्धा रडली नव्हती ती. त्या दिवशी दुपारी काकूंनीच आळीव पेरले. बाळ कोणी करायचं हा प्रश्न होता, ते आईने केलं, जरा वाकडं झालं, तेच अजून आमच्याकडे आहे.

वाडा नंतर पाडला, आता आम्ही वानवडीला फ्लॅटमध्ये. भट्टीही बंद झाली, केक ओटीजीत, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, होतो, चांगला होतो पण रात्री दहाचा तो वास नाही. काकू मुलाकडे कोथरूडला असतात, लाल दोऱ्याचा डबा मी स्वतः नेऊन देते, आता त्यांना दात नाहीत म्हणून दुधात कुस्करून खातात. क्वार्टर गेटवाल्यांकडून दरवर्षी २४ ला संध्याकाळी अर्धा केक येतो, अर्धाच, आणि आमच्याकडून अर्धा जातो.

सोसायटीत किल्ला करतात मुलं. या दिवाळीत मी लेकीला घेऊन कुंभारवाड्यात गेले होते, तिने दोन मावळे निवडले, दोन्ही भालेवाले. दुकानदार म्हणाला अगं एक तरी तलवारवाला घे की. ती म्हणाली, नको, एक किल्ल्यावर उभा राहणारे आणि एक मेंढ्या राखणारे. घमेलं बाल्कनीत ठेवलंय, वर पोतं टाकून.