आजीची गोळी गोड लागते

"ताई, सासूबाई म्हणतात, झोपेची गोळी हल्ली गोड लागते."

इंदूरच्या रामबागेतली ही सून माझ्याकडे, समुपदेशकाकडे, आली ती सासूबाईंसाठी. तीन आठवडे झोप नाही, हात थरथरतात, छातीत धडधडतं. घरात सगळ्यांचं एकमत, वय झालं. तिच्या मुलाचा विषयच नव्हता.

हल्ली पालक वारंवार विचारतात: घरातल्या गोळ्या कमी होतात, पोरगा घेतो का, ओळखायचं कसं आणि कळलं तर करायचं काय? उत्तर म्हणून मी याच घराची गोष्ट सांगते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

आजींचा सात खणांचा प्लास्टिकचा डबा, झाकणावर वार लिहिलेले. दर रविवारी नातू तो भरायचा. बीपीची, थायरॉईडची आणि रात्रीची झोपेची अल्प्राझोलाम, अर्धा मिलिग्रॅम. अकरावीतला मुलगा आजीचं इतकं करतो म्हणून नातेवाईकांत कौतुक. त्या रात्रीच्या गोळीच्या जागी तो होमिओपॅथीची तशीच पांढरी गोळी ठेवत होता. घरात कुणाला पत्ता लागला नसता, पण आजी चाळीस वर्षं बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या. गोड त्यांच्या जिभेला लगेच कळलं. सुनेला कळायला मात्र तीन आठवडे गेले, कारण म्हातारं माणूस काहीबाही बोलतं हे आपण धरूनच चालतो.

मी तिला गोळ्या मोजायला सांगितल्या. पाकिटं, तारखा, किती आणल्या, किती उरल्या. हिशेब जुळेना. मुलगा म्हणाला, "आजी विसरते, दोनदा घेत असेल." आईला ते जवळजवळ पटलं होतं.

वडिलांना तर अजिबात खरं वाटेना. तोंडाला वास नाही, डोळे लाल नाहीत, पाकिटातले पैसे जागच्या जागी. मग नशा कसली? पण आई आठवत गेली. रात्री दहानंतर बोलताना त्याची जीभ जड होते. सकाळी तीनदा हलवलं तरी उठत नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. आणि एकदा तो रात्री आत्याशी वीस मिनिटं फोनवर बोलला, सकाळी विचारतो, "आत्याचा फोन आला होता?" यातली एकेक गोष्ट सोळाव्या वर्षी कुठल्याही पोरात दिसेल, झोप तर दिसेलच. पण सगळं एकत्र आलं आणि वर गोळ्यांचा हिशेब लागत नाही, तर मग अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नये.

आईला मी बोलायची वेळ सांगितली: सकाळची, तो शुद्धीत असताना, पाहुणे नसताना. आणि वाक्य दिलं, "गोळ्या मी मोजल्यात, कमी आहेत. मी ओरडणार नाही, पण कधीपासून आणि किती, हे मला आज कळायला हवं." मटार सोलता सोलता तिनं ते म्हटलं. तो उठून गेला. संध्याकाळी स्वतःच आला.

पुढची चूक माझी. पहिल्या भेटीत वडील शेजारी बसलेले असताना मी विचारलं, "कुणी शिकवलं?" प्रश्न ठाणेदाराचा होता, समुपदेशकाचा नव्हता. पोरगा चाळीस मिनिटं बुटांच्या नाड्या बघत बसला. दुसऱ्यांदा एकट्याला बोलावलं आणि विचारलं, पहिली गोळी घेतलीस त्या रात्री काय चाललं होतं?

"मॅडम, दुसऱ्या दिवशी टेस्ट होती. दिमाग बंदच होत नव्हता. आजी गोळी घेते आणि पंधरा मिनिटांत घोरायला लागते."

भंवरकुआँला कोचिंग, दर रविवारी पालकांच्या ग्रुपवर रँकची यादी. गोळी आधी अर्धी, मग एक, मग दोन. तीन महिने. सुरुवातीला आजीची जुनी चिठ्ठी दाखवून ओळखीच्या मेडिकलवरून आणायचा, 'आजीची दवाई' म्हणून. हे औषध शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या सरकारी यादीतलं. २०१४ पासून अशा औषधांसाठी दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या लिहायची. दुकानदारानं एक दिवस नवी चिठ्ठी मागितली, आणि तेव्हापासून पोराचा हात आजीच्या डब्यात गेला.

वडील त्याच रात्री सगळ्या गोळ्या संडासात टाकणार होते. पालकांनो, हे करू नका. रोज घेतली जाणारी अल्प्राझोलाम एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, घबराट होते, अंग थरथरतं, काहींना फिट येते. आजींना जे होत होतं ते वयामुळे नव्हतं, त्यांचीही गोळी एकदम तुटली होती. किती कमी करायचं ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतात, मी नाही आणि बाबाही नाहीत. डॉक्टरांना फोन लावला, त्या रात्रीचं काय ते विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आजी-नातू दोघांना घेऊन गेलो. दारू, खोकल्याचं कोडीनवालं सिरप किंवा ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी बरोबर घेतो का, हे त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, कारण अशा मिश्रणानं श्वास मंदावतो. तो घेत नव्हता. एखादं मूल हाका मारूनही उठत नसेल, श्वास हळू असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, रिकामी पाकिटं बरोबर न्या. रात्री-बेरात्री नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट.

वडिलांना 'गुन्हा' आणि 'आजार' यात एक काहीतरी निवडायचं होतं. मी म्हटलं, आधी त्या रविवारच्या यादीच्या ग्रुपमधून बाहेर पडा. त्याला त्यांना दोन आठवडे लागले, मुलाला गोळी कमी करण्यापेक्षा ते जड गेलं असावं. डबा आता आई भरते आणि कपाटाची किल्ली तिच्याकडे असते.

डॉक्टरांनी आजींचीही गोळी हळूहळू उतरवायला घेतली, या वयात या गोळीनं तोल जाऊन पडायची भीती असते. त्यामुळे सध्या सुनेची तक्रार वेगळीच आहे. रात्री दीडला स्वयंपाकघरात दिवा लागतो. आजी आणि नातू सेव-परमलची वाटी मधे ठेवून पत्ते पिसत बसलेले असतात, आणि आजी लबाडी करतात.