शेतघरातील शेगडी : गॅसची की विजेची?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. मुरबाड तालुक्यातील आमच्या प्लॉटवर एका खोलीचे लाकडी केबिन नुकतेच उभे केले असून, महिन्यातून दोनतीन शनिवार-रविवार आम्ही चौघे तिथे मुक्कामाला असतो. मुलगा म्हणतो, इंडक्शन घ्यावे, म्हणजे सिलिंडरची कटकट नको. सासूबाईंना मात्र भाकरीसाठी जाळ हवा आहे. कोणती शेगडी घ्यावी? घरी पाइप गॅसवर चालणारी जुनी शेगडी आहे, ती तिकडे नेली तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या वापराचा विचार करता मुख्य शेगडी गॅसचीच असावी आणि विजेची व्यवस्था खात्रीची असेल तर जोडीला एक इंडक्शन ठेवावे, असे माझे मत आहे. यात सासूबाईंची बाजू घेण्याचा हेतू नाही. खेड्यातील वीजपुरवठ्याचा विचार त्यामागे आहे.

केबिनला वीज कोणत्या जोडणीवरून आली आहे, हे सर्वप्रथम पाहावे. ती शेतीपंपाच्या मीटरवरून घेतलेली असेल, तर तिच्यावर स्वयंपाक करणे हा विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो. शिवाय शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला) थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळत असल्याने आपल्या जेवणाच्या वेळेशी तिचा मेळ बसेलच असे नाही. महावितरणकडून घरगुती मीटर घेतलेला असला, तरी डीपीपासून (रोहित्रापासून) केबिनपर्यंतचे अंतर जास्त असल्यास व्होल्टेज उतरते. ठरावीक मर्यादेखाली व्होल्टेज गेले की इंडक्शन सूचना दाखवून बंद पडते. कॉइलची शेगडी बंद पडत नाही, पण तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते : 230 व्होल्टवर 2,000 वॉट देणारी शेगडी 180 व्होल्टवर जेमतेम 1,225 वॉट देते आणि कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत माणसे ताटकळतात. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्यावे. दुपारच्या आकड्यावर विसंबू नये. दिवे-पंख्यासाठी बसवलेल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर इंडक्शन चालेल, ही आशाही ठेवू नये.

खर्चाच्या बाबतीत फारसे अडण्याचे कारण नाही. एक किलो एलपीजीमध्ये साधारण साडेबारा युनिटइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर तिच्यातील सुमारे दोन तृतीयांश भांड्यापर्यंत पोहोचते, तर इंडक्शनवर विजेच्या 85 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 5 किलोच्या सिलिंडरचे काम इंडक्शनवर सुमारे 50 युनिटांत होते. महिन्यातल्या चारसहा दिवसांच्या स्वयंपाकात या फरकाने घर चालतही नाही आणि बुडतही नाही.

सिलिंडरसाठी 14.2 किलोचा आग्रह धरू नये. तेल कंपन्यांचे 5 किलोचे छोटे सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळते आणि चौघांना काही मुक्काम सहज पुरते. घेताना वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या आतील बाजूस रंगवलेले अक्षर व आकडा वाचावा : ‘बी-27’ असे असेल, तर त्या सिलिंडरच्या चाचणीची मुदत एप्रिल ते जून 2027 ही आहे. गॅस स्वतः मात्र महिनोन्‌महिने पडून राहिला, तरी खराब होत नाही.

लाकडी केबिनमध्ये खरी काळजी घ्यावी लागते ती गळतीची. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. त्यामुळे माळ्याजवळची खिडकी त्याच्या कामाची नाही, जमिनीलगत जाळीची झडप हवी. सिलिंडर उभे आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे; आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये येतो. शेगडीमागच्या लाकडी भिंतीवर स्टीलचा पत्रा किंवा टाइल्स लावाव्यात. नळी तारेचे अस्तर असलेली ‘सुरक्षा’ प्रकारचीच आणि दीड मीटरच्या आतली असावी. साधी रबरी नळी बंद घरात उंदीर कुरतडतात आणि आपण नसताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही. नळी पाच वर्षांनी बदलावी आणि भिंतीतून आरपार नेऊ नये. निघताना नुसता नॉब बंद करून भागत नाही. रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर टोपी बसवावी.

इंडक्शन घ्यायचेच ठरले, तर 2,000 वॉटला सुमारे पावणेनऊ अँपिअर लागतात, हे वायरमनला आधीच सांगून 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पक्के अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) करून घ्यावा. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला, तरच ते इंडक्शनवर तापते. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले आणि पितळी टोप चालत नाहीत. भाकरी बिडाच्या सपाट तव्यावर भाजली जाते, पण फुगवण्यासाठी ती फडक्याने दाबत बसावे लागते. सासूबाई हे मान्य करतील, असे वाटत नाही.

घरची जुनी शेगडी मात्र आहे तशी नेऊन सिलिंडरला जोडू नये. पाइपमधला नैसर्गिक वायू आकारमानाच्या मानाने कमी उष्णता देतो आणि कमी दाबाने येतो, म्हणून त्या शेगडीच्या जेटचे भोक मोठे असते. त्याच भोकातून एलपीजी सोडला, तर ज्योत उंच, पिवळी व काजळी धरणारी होते, आणि लाकडी भिंतीशेजारी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. त्या शेगडीच्या कंपनीचे एलपीजीचे जेट मिळत असल्यास ते अधिकृत मेकॅनिककडून बदलून घ्यावेत. मिळत नसल्यास दोन बर्नरची साधी, आयएसआय चिन्हाची एलपीजी शेगडी घेणे स्वस्त पडेल.