वाचकांचे प्रश्न : इंजिनाचा धूर कुठे अडतो?

प्रश्न : आमच्याकडे १९५०च्या दशकातलं, लायनेल या अमेरिकन कंपनीचं २०३७ क्रमांकाचं खेळण्यातलं रेल्वे इंजिन आहे. पळतं झकास, पण धुराड्यातून उदबत्तीएवढीच रेघ निघते. स्मोक फ्लुइडचे (धूर काढायच्या तेलाचे) आधी ५ थेंब घातले, मग आणखी १०. होता तो धूरही गेला. हीटर बदलावा का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : इतक्यात नको. १५ थेंबांत हीटरची तार बुडालीय, आणि बुडालेली तार तेल नुसतं कोमट करते. इंजिन उलटं धरून जास्तीचं फ्लुइड कागदावर टिपून घ्या. पुढे एका वेळी ४-५ थेंबच.

आता खरी तपासणी. इंजिन न्यूट्रलला (पुढे-मागे काहीच न जाणाऱ्या स्थितीत) आणून १२ व्होल्टवर मिनिटभर उभं ठेवा. मोटर बंद असली तरी हीटरला वीज मिळते. उभ्या इंजिनातून धुराची संथ रेघ आली, तर हीटर ठीक आहे आणि दोष हवेचा आहे. बहुतेक वेळा हेच निघतं. धूर तार करते, पण तो ‘फक् फक्’ बाहेर ढकलतो खालचा पिस्टन.

कवच काढून चाकं हातानं फिरवा. पिस्टन उचलला जाऊन आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे. मध्येच अडकत असेल तर सिलिंडरमध्ये फ्लुइड झिरपून चिकट झालंय. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा आणि कोरडं ठेवा. इथे वंगण घालण्याचा मोह टाळा, चार दिवसांत पुन्हा चिकटेल. मग सिलिंडर आणि धुराची डबी यांच्यामधलं बारीक भोक पाहा. ही इंजिनं मुळात धुरासाठी गोळ्या वापरायची. वितळलेल्या गोळ्यांचा थर दगडासारखा होऊन नेमका इथेच बसतो. सुईनं हळूहळू मोकळं करा. डबीच्या झाकणाचे पत्र्याचे कान जपून वाकवा, वारंवार वाकवले तर तुटतात. आतलं अस्तर जळून काळं झालं असेल तर फायबरग्लासची नवी वात घाला. ती तारेला टेकावी, पण भोकावर येऊ नये.

उभ्या इंजिनातून काहीच आलं नाही तरच वीज बंद करून तार मल्टिमीटरनं मोजा. अनंत रोध म्हणजे तार तुटली. तार शाबूत असेल तर व्होल्टेजकडे वळा. समजा रोध २० ओहम आहे : १२ व्होल्टला ७.२ वॅट मिळतात, ९ व्होल्टला जेमतेम ४. म्हणून एकटं हलकं इंजिन सावकाश चालवलं की धूर मंदावतो. मागे चार डबे जोडा. तोच वेग राखायला ट्रान्सफॉर्मरचं हँडल वाढवावं लागेल आणि धूरही वाढेल. रूळ आणि मधल्या रुळावरचे रोलर अल्कोहोलनं पुसा. स्टील वूल नको, त्याचे तंतू चुंबकी चाकांना जाऊन चिकटतात.

आणि खोबरेल? मुळीच नाही. तारेवर जळून कोळसा होतो, आणि आपल्याकडच्या थंडीत डबीतच गोठतं.

प्रश्न : याच गाडीचा जुना अमेरिकन ट्रान्सफॉर्मर २३० ते ११० व्होल्टच्या स्टेप-डाउनवर लावला आहे. अर्ध्या तासात हात लाववत नाही इतका तापतो.
— तेच वाचक

उत्तर : तो ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेला आहे. स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो, आपले ५० हर्ट्झ तसेच राहतात. वारंवारता कमी झाली की ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि विनाकारण जास्त प्रवाह ओढतो. हिशेबानं त्याला सुमारे ९६ व्होल्टच हवेत, म्हणून १०० व्होल्टचा टॅप असलेला स्टेप-डाउन घ्या, तोही दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा. एकाच गुंडाळीचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर मेन्सपासून (घरच्या विजेपासून) वेगळेपणा देत नाही. रुळावरचं व्होल्टेज थोडं उतरेल, तेवढं हँडल पुढे घ्या. वायरीचं रबर तडकलं असेल तर प्लग लावण्याआधी ती बदला.